पावसाळा आणि गच्चीवरची छत्री : उपग्रह दूरचित्रवाणीच्या ग्रहणातील अडचणींचा आढावा

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या महिन्यांत घराघरांतील दूरचित्रवाणी संचावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी सूचना वारंवार झळकते आणि कारण विचारले असता ‘पाऊस’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे, कारण पावसाळ्यात उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची हानी दोन वेगवेगळ्या ठिकाणी होत असते. एक हानी आकाशात होते, जिथे पावसाचे थेंब लहरींची ऊर्जा शोषून घेतात व विखुरतात. दुसरी गच्चीवर होते, जिथे पाणी, वारा, खारी हवा आणि वाढती झाडे ग्रहणाच्या साधनांना बाधा आणतात. या दोन हानींची लक्षणे पडद्यावर सारखीच दिसतात, पण त्यांचे उपाय निराळे आहेत आणि त्यांची जबाबदारीही निराळ्या लोकांवर येते. त्यामुळे त्या एकमेकींपासून कशा ओळखाव्यात आणि त्यांवर काय करावे, याविषयी अभियंते, हवामानाचे अभ्यासक, सेवा देणाऱ्या कंपन्या आणि दुरुस्ती करणारे कारागीर यांचा भर वेगवेगळ्या गोष्टींवर राहिला आहे. हा प्रश्न आज कोठवर आला आहे, हे प्रस्तुत लेखात पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यावरून होत असे आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींची लांबी मीटरांत मोजावी लागे. एवढ्या लांब लहरींना पावसाचा काही मिलिमीटरांचा थेंब जवळजवळ जाणवतही नाही. त्या काळातील अडचणी वेगळ्या होत्या: वाऱ्याने अॅल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना फिरणे, अँटेनाला जोडलेल्या तारेच्या सांध्यावर गंज चढून पडद्यावर ‘मुंग्या’ दिसणे, किंवा उंच इमारतीवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरीमुळे चित्राची दुसरी पुसट प्रतिमा उमटणे. पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. समुद्रालगतच्या दमट हवेवर जमिनीकडून आलेली उष्ण, कोरडी हवा पसरली की दोन थरांच्या सीमेवर लहरी वाकतात आणि क्षितिजाशी सरळ अवकाशात निघून जाण्याऐवजी समुद्राच्या पृष्ठभागालगत, जणू नळीतून वाहाव्यात तशा, फार लांबवर पोहोचतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतील रडारला याच कारणाने हजार मैलांहून अधिक दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत असत आणि लहरींच्या प्रसारणावरील ग्रंथांत ते उदाहरण आजही दिले जाते. दूरच्या केंद्रांच्या लहरी अशा रीतीने जवळच्या केंद्राच्या लहरींत मिसळल्या, की स्वच्छ आकाशाखालीही चित्र बिघडते.

उपग्रहाद्वारे थेट ग्रहणाचा भारतातील पहिला मोठा प्रयोग १९७५–७६ मध्ये ‘साइट’ या नावाने झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाकडून ८६० मेगाहर्ट्झवर येणारे कार्यक्रम सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या अँटेनांनी घेतले गेले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. १९९०च्या दशकात केबलचालकांनी उपग्रह वाहिन्या घेण्यास सुरुवात केली ती ‘सी-बँड’वर, म्हणजे सुमारे ४ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींवर. त्यासाठी लागणारी भलीमोठी छत्री, म्हणजे डिश अँटेना, गल्लीत एखाद्याच गच्चीवर असे आणि तिची देखभाल रोज त्याच कामात असलेला माणूस करत असे. २००३ मध्ये खाजगी डीटीएच, म्हणजे उपग्रहावरून थेट घरात येणारी, सेवा आली, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची निःशुल्क सेवा सुरू झाली आणि पुढे इतर कंपन्या आल्या. या सर्व सेवा ‘केयू-बँड’वर, म्हणजे ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. लहर आखूड झाल्याने छत्री ६० सेंटिमीटरांवर आली आणि प्रत्येक घराच्या वाट्याला आली, पण त्याचबरोबर दोन बदल झाले, ज्यांतून आजचा प्रश्न उभा राहिला. लहर पावसाला हळवी झाली आणि तिच्या ग्रहणाची देखभाल जाणत्या चालकाकडून निसटून कोणाचीच राहिली नाही.

आकाशातील हानी

लहरीची हानी डेसिबल या एककात मोजतात. ३ डेसिबल हानी म्हणजे ऊर्जा निम्मी होणे आणि १० डेसिबल म्हणजे ती दहाव्या हिश्श्यावर येणे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने शिफारस केलेल्या सूत्रानुसार ताशी ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असताना १२ गिगाहर्ट्झच्या लहरीची हानी दर किलोमीटरला सुमारे २.४ डेसिबल होते, तर ४ गिगाहर्ट्झच्या लहरीची जेमतेम ०.०६ डेसिबल. केबलचालकाची जुनी छत्री ज्या पावसात निर्वेध चालत असे, त्याच पावसात घरची लहान छत्री गप्प का होते, याचे मुख्य उत्तर या दोन आकड्यांत आहे.

लहरीला पावसातून किती अंतर कापावे लागते, ही पुढची बाब. पावसाळ्यात आपल्याकडे सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाला पोहोचते. त्याच्या वर बर्फाचे कण असतात आणि त्यांची बाधा नगण्य असते, म्हणून हानी घडते ती त्या उंचीखालील तिरप्या वाटेवर. मुंबईहून पाहता ८३ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच दिसतो, ९३.५ अंशांवरील सुमारे ५८ अंश आणि १०८ अंशांवरील सुमारे ४४ अंश. पहिल्या उपग्रहाची लहर पावसातून साडेपाच किलोमीटर येते, तर तिसऱ्याची सात किलोमीटरांहून अधिक. एकाच इमारतीवरील दोन कंपन्यांच्या छत्र्या एकाच पावसात वेगवेगळ्या वेळी बंद पडतात, त्याला हेही एक कारण आहे. छत्र्यांचे तोंड आग्नेयेकडे असल्यामुळे महत्त्व असते ते घरापासून त्या दिशेला दोन ते पाच किलोमीटरांपर्यंतच्या पावसाला. अंगणात थेंबही नसताना चित्र जाऊ शकते आणि अंगण भिजत असताना ते टिकूनही राहू शकते.

पावसाचा आणखी एक परिणाम सामान्य चर्चेत येत नाही, पण तो पहिल्या परिणामाइतकाच वजनदार आहे. स्वच्छ आकाश रेडिओच्या दृष्टीने ‘थंड’ असते, म्हणजे त्याच्याकडून छत्रीत अत्यल्प गोंगाट येतो. पाऊस मात्र लहर शोषतो तसाच स्वतः गोंगाट उत्सर्जितही करतो. ३ डेसिबल हानी करणारा पाऊस ग्रहणयंत्रणेतील गोंगाट ढोबळमानाने दुप्पट करतो, त्यामुळे लहर आणि गोंगाट यांचे गुणोत्तर प्रत्यक्षात सहा डेसिबलांच्या आसपास घसरते. जुन्या अॅनालॉग चित्रात ही घसरण मुंग्यांच्या रूपाने हळूहळू दिसत असे. डिजिटल प्रक्षेपणात चूक दुरुस्त करणारी सांकेतिक रचना एका मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष ठेवते आणि मर्यादा ओलांडताच चौकोन उमटून चित्र एकदम थांबते. छत्री महिन्यांपूर्वी थोडी सरकली असेल तर कोरड्या दिवसांत त्याचा पत्ताही लागत नाही. राखीव मर्यादा संपत आलेली असते आणि पहिली सर ती संपवते.

एकूण पाऊस किती पडला यापेक्षा तो मिनिटाला किती वेगाने पडतो, हे येथे निर्णायक आहे. आंबोलीचा वार्षिक पाऊस नागपूरच्या कितीतरी पट आहे, पण तेवढ्यावरून आंबोलीत चित्र तितक्याच पट अधिक वेळ जाईल असे अनुमान काढता येत नाही. घाटमाथ्यावरील संततधार पुष्कळदा कमी उंचीच्या ढगांतून आणि बारीक थेंबांनी पडते. मराठवाडा-विदर्भातील वळीव मात्र उंच ढगांतून, टपोऱ्या थेंबांनी, थोडक्या वेळात कोसळतो. भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या महाबळेश्वर येथील प्रयोगशाळेत थेंबांच्या आकारांचे मापन झाले असून पश्चिम घाटातील उथळ ढगांच्या पावसात बारीक थेंबांचे प्राबल्य त्यातून पुढे आले आहे. थेंबाचा आकार बदलला की मिलिमीटरांतील पाऊस तोच राहूनही हानी बदलते, म्हणून ही माहिती केवळ हवामानशास्त्राची राहत नाही. धुक्याबद्दलचा समज मात्र दूर करण्याजोगा आहे: १२ गिगाहर्ट्झवर धुक्याने होणारी हानी नगण्य असते आणि धुक्याच्या सकाळी चित्र बिघडलेच, तर छत्रीवर व तिच्या तोंडाशी साचलेल्या दवाकडे आधी पाहावे.

गच्चीवरील हानी

छत्री लहरी गोळा करते आणि तिच्यासमोर दांडीवर बसवलेला एलएनबी त्या लहरींची वारंवारता कमी करून तारेवाटे घरातील सेट टॉप बॉक्सकडे पाठवतो. या साखळीतील सर्वांत दुबळी कडी म्हणजे एलएनबीला तार जोडणारा पेच. या तारेतून बॉक्स एलएनबीला वीज पुरवत असतो, त्यामुळे पेचात पाणी शिरले की नुसता गंज चढत नाही, तर विजेमुळे धातू झिजण्याचा वेग वाढतो. कोकणात हवेतील मीठ त्यात भर घालते. पाणी एकदा तारेच्या जाळीदार आवरणात शिरले की पाऊस थांबला तरी ते आत राहते. सांध्यावर जलरोधक पट्टी गुंडाळणे आणि पाणी ठिबकून जावे म्हणून पेचाच्या आधी तारेला खाली झोळ देणे ही कामे काही मिनिटांची आहेत, आणि उभारणीच्या घाईत वगळली जातात तीही हीच.

दुसरी बाब दिशेची. ६० सेंटिमीटरांच्या छत्रीची नजर या वारंवारतेला सुमारे तीन अंश रुंद असते. ती एका अंशाने सरकली तर दीड डेसिबलांच्या आसपास हानी होते आणि दीड अंशाने सरकली तर ऊर्जा निम्मी होते. पत्र्याच्या छपरावर, सैल विटेच्या भिंतीत किंवा हलत्या लोखंडी नळीवर बसवलेली छत्री जूनच्या पहिल्या वादळी वाऱ्यात इतकी सहज सरकते. झाडांचा प्रश्न याहून सावकाश वाढतो. उभारणीच्या वेळी मोकळी असलेली आग्नेय दिशा चार-पाच वर्षांत आंब्याच्या किंवा नारळाच्या शेंड्यांनी झाकली जाते आणि ओली पाने कोरड्या पानांपेक्षा कितीतरी अधिक लहर अडवतात.

छत्रीचा पृष्ठभाग आणि एलएनबीच्या तोंडावरील झाकण यांवर साचणारा पाण्याचा पातळ थरही हानी करतो. अमेरिकेच्या ‘नासा’ने १९९३ मध्ये सोडलेल्या ‘अॅक्ट्स’ उपग्रहाच्या प्रयोगांत, अधिक उच्च वारंवारतांवर, या ओल्या अँटेनाच्या परिणामाने अभ्यासकांचे अंदाज चुकवले, तेव्हापासून तो वेगळा मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत. विदर्भातील उन्हाळ्यात एलएनबी तापून त्याचा गोंगाट थोडा वाढतो. डीटीएचच्या रुंद वाहकलहरींवर त्याचा परिणाम सहसा किरकोळ असतो. विजेचा मात्र किरकोळ नसतो. गडगडाट सुरू होण्यापूर्वी बॉक्सचा प्लग आणि छत्रीची तार दोन्ही काढून ठेवणे हीच घरगुती पातळीवरची खरी खबरदारी आहे.

निदानाची रीत

दोन हानींमधला भेद ओळखण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे काळ. पावसाची जोरदार सर आली की चित्र जाते आणि ती ओसरल्यावर काही मिनिटांत आपोआप परतते, तेव्हा हानी प्रामुख्याने आकाशातील असते आणि, छत्री आधीच सरकलेली नसेल तर, कारागिराला बोलावून काही साधत नाही. पाऊस थांबल्यावरही बिघाड तासन्‌तास टिकतो आणि ऊन पडल्यावर हळूहळू सुधारतो, तेव्हा पेचात किंवा तारेत पाणी असण्याची शक्यता प्रबळ असते. वाऱ्याच्या झोताबरोबर येणारा-जाणारा बिघाड सैल बैठकीकडे किंवा डोलणाऱ्या फांदीकडे बोट दाखवतो. केवळ काही वाहिन्यांचा गट जात असेल तर वेगळा विचार करावा लागतो. बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट देऊन एलएनबीला कोणत्या ध्रुवणाच्या, म्हणजे कोणत्या दिशेने कंप पावणाऱ्या, लहरी घ्यायच्या हे कळवतो. गंजलेल्या सांध्यात व्होल्टेज पडले तर १८ व्होल्टचा आदेश पोहोचत नाही आणि त्या बाजूच्या वाहिन्या तेवढ्या नाहीशा होतात.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ आणि ‘सिग्नल क्वालिटी’ असे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा आलेल्या एकूण ऊर्जेचा असतो, ज्यात गोंगाटही धरला जातो; दुसरा लहरीच्या शुद्धतेचा. स्ट्रेंग्थ चांगली आणि क्वालिटी शून्याजवळ असेल तर छत्रीची दिशा चुकली असण्याचा संभव असतो, आणि दोन्ही आकडे पडले असतील तर तार, पेच किंवा एलएनबी तपासावा. पावसात क्वालिटी प्रथम घसरते. हे आकडे निरनिराळ्या बॉक्सवर निरनिराळ्या मापाचे असल्याने शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना निरर्थक ठरते. तुलना करायची ती त्याच घरातील कोरड्या दिवसाच्या आकड्याशी.

हवामानाचे वाटणारे, पण गच्चीशी संबंध नसलेले दोन बिघाडही ध्यानात ठेवावे लागतात. मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य महाराष्ट्रातून पाहता उपग्रहाच्या नेमका मागे येतो आणि त्याच्या गोंगाटामुळे काही दिवस रोज जवळपास त्याच वेळी काही मिनिटे चित्र बिघडते. दुसरा बिघाड प्रक्षेपणाच्या टोकाचा. दूरदर्शनच्या निःशुल्क सेवेचे कार्यक्रम दिल्लीतील तोडापूर येथील भूकेंद्रातून उपग्रहाकडे जातात. अशा भूकेंद्रावर मुसळधार पाऊस कोसळत असेल आणि तेथील वाढीव शक्ती पुरी पडली नाही, तर देशभरातील ग्रहण एकदम अडते.

उपायांविषयीच्या भूमिका

पहिली भूमिका मोठ्या छत्रीची आहे. ६० ऐवजी ९० सेंटिमीटरांची छत्री बसवल्यास साडेतीन डेसिबलांची भर पडते आणि मध्यम पावसातील बरेचसे खंड टळतात. तिचे विरोधक दाखवून देतात की पृष्ठभाग सव्वादोन पट झाल्याने वाऱ्याचा भारही तितका वाढतो, छत्रीची नजर दोन अंशांपर्यंत अरुंद होऊन ती सरकण्याला अधिक हळवी बनते, आणि दहा डेसिबलांहून अधिक हानी करणाऱ्या ढगफुटीसारख्या सरीपुढे साडेतीन डेसिबलांचा टिकाव लागत नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत. किनाऱ्यावरील वादळी पट्ट्यात मोठी छत्री भक्कम बैठकीशिवाय बसवू नये, एवढा निष्कर्ष त्यांतून निश्चित निघतो.

दुसरी भूमिका प्रक्षेपणाच्या बाजूने सुधारणा मागते. लहरीवर माहिती भरण्याच्या पद्धती जितक्या दाट तितकी त्यांना शुद्ध लहर लागते. डीव्हीबी-एस२ या प्रचलित मानकातील एक विरळ पद्धत १ डेसिबल लहर-गोंगाट गुणोत्तरावरही चालते, तर वाहिन्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या दाट पद्धतींपैकी एकीला साडेसहा डेसिबलांहून अधिक लागतात. मात्र दाट पद्धतीत त्याच जागेत दुप्पट माहिती मावते. कंपन्यांची अडचण यातच आहे, कारण पावसाला तोंड देण्यासाठी विरळ पद्धत निवडली तर वाहिन्यांची संख्या घटते आणि ती किंमत कोरड्या प्रदेशातील ग्राहकही मोजतो. दुतर्फा उपग्रह-इंटरनेटमध्ये प्रत्येक ग्राहकाच्या आकाशानुसार पद्धत क्षणोक्षणी बदलता येते; एकच लहर लाखो घरांवर पाडणाऱ्या दूरचित्रवाणीत ती सोय नाही.

तिसरी भूमिका कारागिरांची आणि देखभालीवर भर देणाऱ्या अभियंत्यांची. त्यांच्या मते आकाशातील हानी टाळता येत नसली तरी तिच्यासाठी राखलेली मर्यादा गच्चीवरील दोषांनी आधीच खाल्लेली असते, म्हणून मे महिन्यात पेच बदलणे, बैठक आवळणे आणि दिशा जुळवणे यांनीच बहुतांश गाऱ्हाणी मिटतील. खर्चाच्या मानाने हा उपाय सर्वांत फलदायी आहे आणि तो प्रथम व्हावा, याविषयी फारसे दुमत नाही. मतभेद उरतो तो ‘बहुतांश’ या शब्दावर, कारण त्याच्या आडून सेवेतील उणिवा ग्राहकाच्या छपरावर ढकलल्या जाण्याचा धोका असतो.

चौथी भूमिका केयू-बँडपासूनच दूर जाण्याची आहे: केबल किंवा फायबर. केबलचालक ज्या सी-बँडवर ग्रहण करतात त्यावर पाऊस फारशी हानी करत नाही हे खरे, पण २०२२ पासून ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा ५-जी सेवेसाठी दिला गेल्याने ३.७ गिगाहर्ट्झपासून वर ग्रहण करणाऱ्या केबलचालकांना हस्तक्षेप अडवणारे फिल्टर बसवण्याचा विचार करावा लागतो. फायबरला पाऊस लागत नाही, मात्र तो ज्या खांबांवरून जातो त्यांना वादळ लागते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड-रत्नागिरीत खांब व तारा कोसळून वीज आणि मोबाइल सेवा दिवसेंदिवस बंद राहिल्या. अशा वेळी बॅटरीवर चालणारी छत्री बाहेरच्या जगाशी उरलेला दुवा ठरू शकते, आणि म्हणून आपत्तीच्या दृष्टीने विचार करणारे तिला मोडीत काढण्यास तयार नाहीत.

अनिर्णित प्रश्न

सर्वांत मोठी उणीव मापनाची आहे. हानीच्या सूत्रांना मिनिटागणिक पावसाचा वेग लागतो, तर पावसाच्या उपलब्ध नोंदी पुष्कळदा तासाच्या किंवा दिवसाच्या असतात आणि त्यांवरून मिनिटाचा वेग अनुमानाने काढावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याची सरासरी ताशी ३९ मिलिमीटर निघते, पण त्या दिवसातील कोणत्या मिनिटांत लहर टिकली असती आणि कोणत्या मिनिटांत नाही, हे त्या सरासरीवरून सांगता येत नाही. ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर २,०००हून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली आहेत. त्यांच्या नोंदी शेती व विम्यापुरत्या न राहता लहरींच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचल्या, तर ही उणीव बरीच भरून निघेल.

आंतरराष्ट्रीय सूत्रांची उष्ण प्रदेशातील अचूकता हा दुसरा प्रश्न. ही सूत्रे ज्या मापनांवर आधारली, त्यांत समशीतोष्ण प्रदेशांचा वाटा मोठा होता, आणि उष्णकटिबंधातील संशोधकांनी त्यांत सुधारणा सुचवल्या आहेत. भारतानेही जानेवारी २०१४ मध्ये सोडलेल्या जीसॅट-१४ उपग्रहावर २० आणि ३० गिगाहर्ट्झच्या परिसरातील लहरींच्या अभ्यासासाठी खास प्रक्षेपक बसवले होते. घाटमाथ्यावरील उथळ ढग आणि पठारावरील वळीव यांना एकच सूत्र पुरेल की राज्याच्या आतच वेगवेगळी सूत्रे लागतील, याचा निर्णय अजून झालेला नाही. ओल्या अँटेनाची हानी आकाशातील हानीत मिसळून मोजली जाते, त्यामुळे हा पेच अधिकच घट्ट होतो.

याच प्रश्नाची उलटी बाजू गेल्या दोन दशकांत पुढे आली आहे. लहरीची हानी पावसाच्या वेगावर अवलंबून असेल, तर हानी मोजून पाऊस काढता येईल, हा विचार इस्रायलमधील संशोधकांनी २००६ मध्ये मोबाइल मनोऱ्यांमधील सूक्ष्मलहरींच्या दुव्यांवर प्रत्यक्षात आणून दाखवला. नंतर उपग्रह दूरचित्रवाणीच्या लहरींवरही असे प्रयोग झाले. सह्याद्रीच्या दुर्गम उतारांवर पर्जन्यमापके थोडी आहेत आणि छत्र्या मात्र वाड्या-वस्त्यांवर आहेत. त्या छत्र्यांना जोडलेल्या बॉक्समध्ये क्वालिटीचा आकडा सतत मोजला जातो, पण तो वेळेसह साठवून ठेवण्याची सोय सर्रास नाही.

जबाबदारीचा प्रश्नही त्याच नोंदीपाशी येऊन अडतो. तक्रार करताना ग्राहकाला एवढेच सांगता येते की चित्र गेले, आणि ते आकाशामुळे गेले की पेचामुळे, हे सिद्ध करणारा पुरावा कोणाच्याच हाती नसतो. तो निर्माण करण्यास मोठी यंत्रणा लागत नाही. कंपन्यांनी उभारणीच्या दिवशी स्वच्छ आकाशाखालील क्वालिटीचा आकडा पावतीवर लिहून द्यावा आणि ग्राहकांनी दर मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, तो पुन्हा पाहून ठेवावा. आकडा पावतीवरच्या आकड्यापेक्षा खाली आला असेल, तर छत्रीची दुरुस्ती पहिल्या सरीआधी करून घ्यावी. ओल्या पत्र्यावर, विजा चमकत असताना, कोणीही छपरावर चढू नये.